माशी नव्हे, ऊन शिंकलं

मंडळी, घरातून निघताना कोणी शिंकलं की आमच्या झाडीपट्टीत अजूनही निघालेल्या माणसाला परत बसवतात. दोन घोट पाणी पी, मग जा. दहावीचा पेपर असला तरी! आणि शिंकणारी घरची सून असली तर विचारूच नका. दिवसभरात जे बिघडेल ते तिच्या खाती.

माझं म्हणणं, ही शिंक नेमकी दारातच का येते ते आधी बघा. भंडाऱ्याकडचं जुनं घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, लहानशा खिडक्या. आत अंधार आणि अंगणात डोळे दिपवणारं ऊन. पुष्कळांना अंधारातून एकदम लख्ख उजेडात आलं की शिंका येतात. एक, दोन, तीन, की थांबल्या. सर्दी नाही, धूळ नाही. निरनिराळ्या पाहण्यांत असे लोक शेकडा १८ ते ३५ निघाले आहेत.

उन्हाने शिंक येते, मग विस्तवाने का नाही, असा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात आहे. पुढे सतराव्या शतकात फ्रान्सिस बेकनने लिहून ठेवलं की डोळे मिटून नाक उन्हाकडे धरलं तर शिंक येत नाही. म्हणजे करामत डोळ्यांची! (वर्गात करून दाखवायला किती सोपा प्रयोग, खर्च शून्य.) आजचं एक मत असं की डोळ्यांकडून येणारी उजेडाची खबर आणि नाकातली चुरचुर मेंदूत जवळजवळून जातात आणि काहींच्या बाबतीत त्यांची सरमिसळ होते. शिवाय हे आनुवंशिक आहे. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी. आमच्याकडे वडिलांना होतं, मला आहे, नातीला आहे. सुनेला नाही, हे मुद्दाम लिहितो.

मला शकुनापेक्षा मोटारसायकलची जास्त काळजी वाटते. शिंकताना डोळे मिटतात. साकोलीकडे जाताना जंगलातली सावली संपते आणि ऊन एकदम तोंडावर येतं, समोर ट्रक. लढाऊ विमानांच्या वैमानिकांसाठी या शिंकेचा धोका १९९३ साली तपासला गेला होता, आपल्याकडे दुचाकीवाल्याला कोणी सांगतही नाही. ज्यांना ही सवय आहे त्यांनी गॉगल घातलाच पाहिजे, मग लोक 'म्हातारपणी हिरो' म्हणोत.

असो. काका-मामांकडच्या मंडळींनी कळवावं, तुमच्याकडे उन्हात कोण कोण शिंकतं? यादी करतो आहे.