बिऱ्हाड हलविण्यापूर्वीं

मुंज, लग्न आणि घर बदलणें हीं गृहस्थाच्या आयुष्यांतील तीन कार्यें अशीं आहेत कीं, त्यांची तयारी कितीही आधीं आरंभिली तरी आदल्या रात्रीं कांहींतरी राहिलेंच असें आढळून येतें. त्यांतही पहिल्या दोन कार्यांस आप्तेष्ट धांवून येतात. बिऱ्हाड हलवितांना मात्र 'मध्यें जाऊन अडचण कशाला करावी' असें म्हणून जो तो दूर राहतो. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही पुण्याच्या पेठेंतील जुना वाडा सोडून तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेंत राहावयास आलों. वाडा पाडून तेथें नवी इमारत उठावयाची आहे. हा प्रसंग आज अनेक कुटुंबांवर येत आहे. म्हणून आमचा अनुभव वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम व्यवहार. निदान एक महिना आधीं एक वही घालावी व तींत तीन याद्या कराव्या : न्यावयाच्या वस्तूंची, देऊन टाकावयाच्या वस्तूंची आणि नवा पत्ता कळवावयाच्या ठिकाणांची. तिसरी यादी बहुधा कोणी करीत नाहीं. टपालकचेरी, बँक, निवृत्तिवेतन, शिधापत्रिका, गॅस, विमा आणि मुलांची शाळा, इतकीं ठिकाणें तरी तींत हवींत. मतदारयादींतील पत्ता बदलण्यासाठीं सन २०२२ पासून 'नमुना ८' भरावा लागतो. निवडणूक दाराशीं आल्यावर तो शोधीत बसूं नये. निघण्याच्या दिवशीं जुन्या घरांतील विजेच्या मीटरचा आंकडा टिपून ठेवावा, म्हणजे मागाहून वाद राहत नाहीं.

पुस्तकें मोठ्या खोक्यांत भरूं नयेत. कागद हलका असतो ही समजूत एका पुस्तकापुरतीच खरी आहे. खोक्यावर आंत काय आहे याबरोबरच तें नव्या घरांतील कोणत्या खोलींत जावयाचें तेंही ठळक लिहावें. काचेचीं भांडीं जुन्या लुगड्यांत गुंडाळावीं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा व ती घरच्याच माणसानें मांडीवर घेऊन न्यावी. देवांचा संबळही तसाच. औषधें, चष्मे, किल्ल्या, दाखले, विजेरी, काड्यांची पेटी, चहा-साखर आणि प्रत्येकाचा एकेक कपड्यांचा जोड वेगळ्या पिशवींत ठेवावा. ही पिशवी सर्वांच्या शेवटीं निघावी व सर्वांच्या आधीं उघडावी.

परंतु खरी अडचण दोऱ्यांची व खोक्यांची नव्हे. कोणती वस्तु टाकावी हें कोणीं ठरवावें, ही खरी अडचण होय. याविषयीं माझ्या हातून घडलेला एक अपराध सांगणें प्राप्त आहे.

सन १९८६ मध्यें आम्ही या वाड्यांत राहावयास आलों, तेव्हां मी नुकताच शिक्षक झालों होतों. पहिल्या घराची किल्ली सायंकाळपर्यंत मालकाच्या हातीं द्यावयाची होती. दुपारीं मदतीस आलेल्या दोन मुलांनीं विचारलें, "माळ्यावर जुने कागद आहेत, त्यांचें काय करावयाचें?" मीं खालूनच सांगितलें, "रद्दींत घाला." शिडीच्या पांच पायऱ्या चढून पाहण्याचा मीं आळस केला. त्या कागदांत आजोबांनीं स्वहस्तें लिहिलेल्या पोथ्यांचे दोन रुमाल होते. दोन दिवसांनीं तें ध्यानांत आलें तेव्हां मी रद्दीच्या दुकानीं धांवलों; पण माल पुढें गेला होता. वडिलांनीं एवढेंच विचारलें, "रुमाल कोठें ठेवलेस?" माझें उत्तर ऐकल्यावर त्यांनीं तो विषय पुन्हा कधींही काढला नाहीं. ते रागावले असते तर बरें झालें असतें.

जुने लेखक पोथीच्या अखेरीस एक विनवणी लिहीत असत. तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथीचें रक्षण करावें, आणि ती मूर्खाच्या हातीं देऊं नये, असा तिचा आशय असे. संस्कृत शिकविणारा मी तिचा अर्थ वर्गांत मुलांना सांगत असें. तींतला चौथा धोका आपल्याच घरीं आहे, हें मात्र मला फार उशिरां कळलें.

म्हणून ज्यांच्या घरीं असे रुमाल असतील त्यांनीं ते उघडून पाहिल्यावांचून हलवूं नयेत. सुटीं पानें क्रम न मोडतां दोन फळ्यांमध्यें ठेवून स्वच्छ सुती कापडांत घट्ट बांधावीं. ओलसर माळ्यावरून काढून कडक उन्हांतही टाकूं नयेत. घरांत मोडी वाचणारें कोणी उरलें नाहीं, एवढ्यानें कागद निरुपयोगी ठरत नाहींत. पुण्यांत १९१० साली स्थापन झालेलें भारत इतिहास संशोधक मंडळ आणि १९१७ साली स्थापन झालेली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था येथें अशा लेखनाचे मोठे संग्रह आहेत. रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं तेथील जाणत्यांस विचारावें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां नदीकाठच्या घरांतील किती दप्तरें वाहून गेलीं! त्या पुरापुढें माणसाचा इलाज नव्हता. आमच्या आळसाला तरी असावा.

या वेळीं मीं नियम केला कीं, ज्याची वस्तु त्यानेंच तिचा निकाल लावावा. तरीही चूक व्हावयाची राहिली नाहीं. आमच्या आत्याबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांची शिसवी पेटी नव्या घरांत मावणार नाहीं, असें मुलगा आणि सूनबाई यांनीं माप घेऊन ठरविलें आणि मींही मान डोलाविली. चार दिवसांनीं आत्याबाई आपलीं लुगडीं, वाट्या, फुलपात्रें कामवाल्या बाईंना देऊं लागल्या. मीं कारण विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, "अरे, जागा नाहीं म्हणतां ना? दादाचे रुमाल गेले तेव्हांही मला कोणीं विचारलें नव्हतें. ते माळ्यावर आहेत हें मला ठाऊक होतें."

मला उत्तर सुचलें नाहीं. सूनबाई शहाणी, ती त्यांच्याजवळ बसली आणि म्हणाली, "आत्याबाई, पेटी तुमची. काय न्यायचें तें तुम्हीच सांगा, मी लिहून घेतें." त्या दुपारीं आत्याबाईंनीं सहाण, चंदनाचें खोड, सोऱ्या आणि पत्रांचा एक जुडगा एवढेंच बाजूला काढलें. पेटी त्यांनीं आपण होऊन भाचीच्या मुलीला दिली. आम्ही सांगण्यास धजलों नसतों, इतकें त्यांनीं न सांगतां सोडलें.

वृद्धांना वस्तूंचा मोह सुटत नाहीं असें आपण म्हणतों. त्यांना वस्तूंहून अधिक, विचारलें जाण्याची अपेक्षा असते. यास्तव घर हलविणाऱ्यांनीं वही घालतांच पहिलें पान घरांतील सर्वांत वडील माणसापुढें ठेवावें, आणि दोरी त्यानंतर आणावी.