टोपातला भात आणि पाकिटातला भात

गेल्या पावसाळ्यात तुडीलच्या एक आजी तपासायला आल्या. रात्री जेवल्यावर दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या, पहाटेपर्यंत पाच-सहा झाल्या आणि अंगातले त्राणच गेले, अशी तक्रार होती. ताप नव्हता. काय जेवलात, असे विचारल्यावर म्हणाल्या, "सकाळचाच भात होता, डॉक्टर. रात्री परत चुलीपाशी कोण बसणार? गुडघे धरतात."

"गरम केला होतात का?"

"केला तर! चांगला वाफवून घेतला."

आजींचा एक मुलगा मुंबईला, दुसरा आखातात. घरी त्या एकट्याच. मागच्या सुटीत आलेल्या मुलाने आईला स्वयंपाकाचा त्रास नको म्हणून तयार भाताची आठ-दहा पाकिटे आणून ठेवली होती. ती का खाल्ली नाहीत, असे विचारले. आजी म्हणाल्या, "वर्षभर टिकणारा भात! त्यात काहीतरी औषध मारलेलं असणारच. ते पोटात कशाला घालायचं?"

सोबत आलेल्या शेजारीणबाईंनीही मान डोलावली. आपल्यापैकी पुष्कळांचे मत हेच असते. पाकिटातला भात म्हणजे विष आणि घरच्या टोपातला भात म्हणजे अमृत. वाचकहो, या प्रकरणात माझा संशय मात्र टोपावर होता. त्याची कारणे आज सांगायची आहेत.

प्रथम पाकिटाचे पाहू. अन्न हवाबंद करून टिकवण्याची युक्ती दोनशे वर्षांहून जुनी आहे. फ्रान्समधील निकोला आपेर या आचाऱ्याने अन्न बाटलीत भरले, बूच घट्ट लावले आणि मग ती बाटली उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवली. आतले अन्न महिनोन्महिने नासले नाही. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचे बक्षीस दिले. पुढे बाटलीच्या जागी पत्र्याचा डबा आला आणि आता डब्याच्या जागी अनेक थरांचे लवचिक पाकीट आले आहे. तत्त्व मात्र तेच राहिले. अन्न आधी बंद करायचे आणि मग तापवायचे. तयार भाताचे ओले पाकीट बंद केल्यावर मोठ्या दाबपात्रात सुमारे १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. आपल्या घरच्या कुकरातही उष्णता जवळपास तेवढीच चढते. फरक एवढाच की, आपण झाकण उघडतो आणि हवेतले, हातावरचे, डावावरचे जंतू भातात जातात. पाकीट उघडलेलेच नसते, म्हणून आत नवा जंतू शिरत नाही. भात टिकतो तो या उष्णतेमुळे आणि बंद तोंडामुळे. त्यासाठी वेगळे औषध घालावे लागत नाही. ज्यांना खात्री करायची असेल, त्यांनी पाकिटामागची घटकांची यादी वाचावी. साध्या भाताच्या पाकिटात तांदूळ, पाणी, फार तर थोडे तेल-मीठ एवढेच असते.

आता टोपातल्या भाताकडे वळू. बॅसिलस सिरियस नावाचा एक जंतू मातीत सगळीकडे असतो आणि तेथून तांदळाच्या दाण्यावर येतो. तो प्रतिकूल काळात कवच धारण करून बीजाणूच्या रूपाने पडून राहतो. भात उकळला तरी यातले काही बीजाणू वाचतात. भात गरम आहे तोवर ते निपचित असतात. भात कोमट झाला की त्यांना कोंब फुटतात, संख्या झपाट्याने वाढते आणि ते भातात एक विष सोडतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. संध्याकाळी भात कितीही वाफवला, तरी जंतू मरतात पण विष राहते. वास येत नाही, चवही बदलत नाही. खाल्ल्यावर एक ते पाच तासांत उलट्या होतात. तरणाताठा माणूस एका दिवसात सावरतो. म्हातारी माणसे आणि लहान मुले मात्र पाणी कमी पडून गळून जातात. आजींचे नेमके तसेच झाले असावे. आमच्याकडील दमट हवेत सकाळचा टोप रात्रीपर्यंत ओट्यावर राहणे म्हणजे या जंतूला आवतणच.

म्हणून घरच्या भाताचा नियम लक्षात ठेवावा. शक्यतो लागेल तेवढाच भात शिजवावा. उरला तर टोपातच झाकून न ठेवता परातीत पातळ पसरावा, म्हणजे लवकर निवतो. तास-दोन तासांच्या आत तो फ्रीजमध्ये जावा आणि दुसऱ्या दिवशी संपावा. खाताना एकदाच, पण चांगला गरम करावा. फ्रीज नसेल तर सकाळचा भात रात्रीसाठी राखू नये. पाण्यात घालून आंबवल्यास आंबटपणामुळे जंतूंना थोडा आळा बसतो, पण आजारी माणसाने आणि लहान मुलांनी त्यावर भिस्त ठेवू नये.

कोणी म्हणेल, आधीच शिजवून ठेवलेला भात हे शहरी आणि परदेशी खूळ आहे. तसे मुळीच नाही. आपले पोहे म्हणजे दुसरे काय? भात भिजवायचा, भाजायचा, चेपायचा. पाण्याचा हात लावला की खाण्याजोगा. कुरमुरे, लाह्या हेही तयार तांदळाचेच प्रकार. शेतावर, प्रवासात, उपासाच्या पारण्याला कोकणाने ते शेकडो वर्षे खाल्ले आहेत. खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात खातात तो उकडा तांदूळही टरफलासकट आधी उकडलेलाच असतो. त्याचा गुण फार मोठा. उकडताना कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत मुरते, त्यामुळे तांदूळ सडला तरी ते बरेचसे टिकते. हे जीवनसत्त्व न मिळाल्याने बेरीबेरी हा रोग होतो. जावा बेटावर काम करणारे डच डॉक्टर क्रिस्तियान आइकमन यांनी पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या आणि कोंड्याचा तांदूळ देताच त्या बऱ्या झाल्या. त्या शोधाच्या वाटेनेच पुढे जीवनसत्त्वांचे शास्त्र उभे राहिले आणि १९२९ साली आइकमन नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले.

अमेरिकेत झटपट शिजणारा भात रूढ केला तोही एका अफगाण गृहस्थाने. अताउल्लाह ओझाई-दुर्रानी त्यांचे नाव. तांदूळ आधी शिजवून मग सुकवण्याची त्यांची कृती तेथील एका मोठ्या अन्नकंपनीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उचलली. तात्पर्य, भात खाणाऱ्या मुलखांनीच तयार भाताची गरज ओळखली. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

बाजारात हा भात दोन प्रकारचा मिळतो. एक ओला, पाकिटात शिजवलेला. तो नुसता गरम करून, आणि अडचण असेल तर थंडही खाता येतो. दुसरा कोरडा, सुकवलेला. त्यात उकळते पाणी घालावे लागते. तो वजनाला हलका आणि साठवायला सोपा, पण पाणी स्वच्छ हवे.

हा फरक आपल्या महाड-पोलादपूरकरांनी तरी विसरू नये. २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाड शहराचे तळमजले बुडाले आणि त्याच दिवशी तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. अशा वेळी माळ्यावर वा गच्चीवर अडकलेल्या कुटुंबाची अवस्था आठवा. वीज नाही, सिलिंडर खाली पाण्यात, डब्यातला तांदूळ भिजलेला आणि चहूकडे पाणी असून पिण्याजोगा थेंब नाही. तेथे कोरडा भात कामाचा नाही. ओले पाकीट मात्र कात्री लावली की जेवण. आगोटीला आपण तांदूळ, मीठ, सुकी मासळी भरतो. त्याच सामानात माणशी पाच-सहा ओली पाकिटे, पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणि ओआरएसच्या चार पुड्या भराव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हे सामान पोटमाळ्यावर ठेवावे. पूर आला नाही तर उत्तमच. तारीख पाहून दिवाळीच्या सुमारास ती पाकिटे खाऊन संपवावीत. पुराचे पाणी लागलेले पाकीट मात्र तसेच फोडू नये. त्या पाण्यात उंदरांचे मूत्र असते आणि त्यातून लेप्टोचा ताप येतो. पाकीट आधी साबणाने धुवावे, ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात थोडा वेळ बुडवावे, स्वच्छ पाण्याने पुन्हा धुवावे, मगच उघडावे.

एवढे गुण गायल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष किमतीचा. शंभर ग्रॅम तांदळाचा साधारण अडीचशे ते तीनशे ग्रॅम भात होतो. म्हणजे पाव किलोच्या पाकिटात तांदूळ पुरता शंभर ग्रॅमही नसतो, बाकीचे पाणी. रोज हे विकत घेणे आपल्या खिशाला परवडणारे नाही, आणि हाती-पायी धड असलेल्या माणसाला त्याची गरजही नाही. दुसरा दोष मिठाचा. साध्या भातात तो फारसा नसतो. पुलाव, बिर्याणी, खिचडीच्या पाकिटात मात्र असतो. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणले की मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. दिवसभरात मीठ ५ ग्रॅमच्या आत असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनी हा हिशेब केल्याशिवाय मसालेदार पाकिटाला हात लावू नये. तिसरे, मधुमेहींसाठी. सुकवून केलेला झटपट भात लवकर पचतो आणि रक्तातली साखर भरभर वाढवतो. त्यांना त्यापेक्षा उकडा बरा. चौथे, नुसत्या भाताने पोट भरते, अंग भरत नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या भातात प्रथिने जेमतेम पावणेतीन ग्रॅम. सोबत डाळ, कुळथाचे पिठले, अंडे, मासळी किंवा दही हवेच.

पाकीट घेताना तारीख आणि परवाना क्रमांक पाहावा. फुगलेले, गळणारे किंवा शिवणीवर उसवलेले पाकीट फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पाकीट एकदा फोडले की त्याचे वर्षभराचे आयुष्य संपले. आतला भात मग तुमच्या-आमच्या टोपातल्या भातासारखाच. अर्धा सकाळी आणि अर्धा रात्री, हा प्रकार नको.

आजींना दोन दिवसांत बरे वाटले. त्यांना मी एवढेच सांगितले, "सकाळी ताजा भात शिजवा आणि सकाळीच संपवा. रात्री गुडघे धरतील तेव्हा मुलाने आणलेले एक पाकीट गरम करा, त्यावर आमटी घाला आणि खुशाल जेवा."

आजींनी विचारले, "म्हणजे त्यात औषध नसतं?"

"नसतं," मी म्हणालो.

परदेशातल्या किंवा मुंबईतल्या मुलांनी आईच्या फडताळात अशी पाकिटे जरूर ठेवावीत. ती कशी आणि केव्हा खायची, तेही तिच्याजवळ बसून तिला सांगावे. नाहीतर पाकिटे तशीच राहतात, आणि आई रात्री टोपातला सकाळचा भात खाते.