जपान नाही म्हणाला

परवा आमच्या अंधेरीच्या घरात नातू मोबाइलवर महायुद्धाचा खेळ मांडून बसला होता. त्याने जपानच्या तीन डिव्हिजन उचलून थेट इराकमधल्या बसऱ्याला नेऊन ठेवल्या आणि विचारले, "आजोबा, असं झालं असतं तर?" पहिल्या महायुद्धात जपान इंग्रजांचा दोस्त होता, हे त्याला या खेळामुळेच कळले. खेळाचा एवढा तरी उपयोग!

प्रश्न पोरकट नाही. १९०२ साली इंग्लंड-जपान तह झाला, १९०५ मध्ये त्याच्या कक्षेत हिंदुस्थानही आला. १९१४ च्या ऑगस्टमध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी १९१५ मध्ये सिंगापुरात हिंदी पलटणीने बंड केले, तेव्हा ते मोडायला जपानी नौसैनिकही उतरले. १९१७ मध्ये जपानी विनाशिका माल्टापर्यंत गेल्या. पण युरोपात पायदळ पाठवा, ही दोस्तांची विनवणी जपानने मानली नाही. आपले सैन्य आपल्या रक्षणासाठी आहे, अशी त्याची भूमिका होती.

मग बसऱ्याला गेले कोण? ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघालेल्या पहिल्या फौजेत ११७ वी मराठा पलटण होती. पाठोपाठ १०३ आणि ११० याही मराठा पलटणी गेल्या. ही सगळी सहावी पुणे डिव्हिजन. ती बगदादच्या दिशेने गेली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत गावात वेढली गेली. १४७ दिवस! धान्य संपत आले. घोड्याचे मांस खायला कित्येक हिंदी शिपाई तयार होईनात. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शस्त्रे ठेवली आणि त्यांची वाळवंटातली पायपीट सुरू झाली. हजारो कैदी परतलेच नाहीत. वेढा फोडायला निघालेल्या फौजेचे मृत आणि जखमी मिळून सुमारे २३,००० झाले, ते वेगळेच.

जपानी आले असते, तर कूत वाचले असते का? मला नाही वाटत. बसऱ्याला माणसे येऊन पडली होती, पण त्यांना नदीतून वर न्यायला पुरेशा बोटी नव्हत्या. जपान्यांनीही तिथेच चिखल तुडवला असता.

माझे मन अडकते ते दुसरीकडेच. टोकियोच्या मंत्रिमंडळाला नाही म्हणता आले. साताऱ्या-रत्नागिरीच्या माणसाला कुणी विचारलेच नाही. पगारासाठी, घराण्याच्या रीतीसाठी तो भरती झाला, हे खरे. पण कुठे लढायचे हे लंडन आणि सिमला ठरवत होते. नातवाच्या खेळातही हिंदी पलटणींना स्वतंत्र रंग नाही, त्या इंग्रजांच्याच रंगात मोडतात.

आपल्याकडच्या कित्येक गावांत एक दगडी पाटी दिसते. या गावातून इतके महायुद्धावर गेले, त्यांतले इतके कामी आले, एवढाच तिच्यावर मजकूर. नावे नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याकडे नेऊन नातवाला अशी एक पाटी दाखवायची ठरवली आहे. तोवर त्याचे जपानी बसऱ्यातच उभे आहेत. बोटी मिळेनात म्हणतो.