दोष सांगून घर विकणारा दलाल

कापडाच्या धंद्यात एक जुनी खोड आहे. तागा दाखवताना चांगली बाजू वर येईल अशी घडी घालायची आणि विणीतला दोष, तेलाचा डाग आतल्या पदरात जाऊ द्यायचा. गिऱ्हाईक वरचे दोन पदर चाळते, हात फिरवते, भाव करते आणि जाते. दोष त्याला घरी गेल्यावर सापडतो. आम्ही ही खोड पाहिली आहे, आणि लपवायचे कशाला, तरुणपणी केलीही आहे. आज मात्र लिहायचे आहे ते कापडाविषयी नाही, घरा-जागेच्या धंद्याविषयी. आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांतली किती तरी मुले आता लूम किंवा दुकान सोडून प्लॉट-फ्लॅटच्या दलालीत उतरली आहेत. आणि आपल्यापैकी पुष्कळांची आयुष्यभराची शिल्लकही त्याच धंद्यात जाते. म्हणजे विकणारा हात आपला आणि बुडणारा खिसाही आपलाच.

आधी आमचीच फजिती सांगतो. २०१४ साली आम्ही दोन लूम विकून आलेल्या पैशातून शहराबाहेर एक प्लॉट घेतला. हातात एक गुळगुळीत रंगीत पत्रक होते. त्यात डांबरी रस्ता, बगीचा, झोपाळ्यावर मुले, आणि ठळक अक्षरांत ‘हायवेला लागून’ व ‘शुद्ध हवा’. प्रत्यक्षात हायवेपासून दोन किलोमीटर कच्चा रस्ता निघाला आणि एन. ए. चा आदेश शेजारच्या गटाचा निघाला. आज त्या जागेवर आमचे नाव आहे आणि शेजाऱ्याच्या शेळ्या आहेत. पत्रकातली एकच गोष्ट खरी ठरली, ती म्हणजे शुद्ध हवा. हसू येते, पण त्या पैशावर मुलीच्या लग्नाचा हिशेब होता, हे आठवले की हसू थांबते.

अशा जाहिरातींना कंटाळलेल्या माणसाने लंडनच्या रॉय ब्रूक्स या दलालाची हकीकत जरूर ऐकावी. १९५० आणि १९६० च्या दशकांत हा गृहस्थ चेल्सी भागात घरांची दलाली करीत असे आणि ‘ऑब्झर्व्हर’ व ‘संडे टाइम्स’ या रविवारच्या वृत्तपत्रांत जाहिराती देत असे. बाकीचे दलाल प्रत्येक पडक्या घराला सुंदर आणि प्रत्येक कोंदट खोलीला उबदार म्हणत. ब्रूक्स सरळ लिहीत की घर घाण आहे, भिंतीचे पापुद्रे निघत आहेत, छप्पर गळते आहे, आणि आधीच्या मालकाने लावलेला भिंतीचा कागद पाहवत नाही. लिहीत अशा ढंगाने की वाचणारा खो-खो हसे. शेवटी किंमत दिलेली असे.

परिणाम काय झाला? ज्यांना घर घ्यायचे नव्हते तेही रविवारी सकाळी आधी ब्रूक्सची जाहिरात वाचू लागले. छोट्या अक्षरांतली, चित्र नसलेली, पैसे देऊन छापलेली जाहिरात लोक लेखासारखी वाचत. १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या जाहिरातींचे संग्रह पुस्तकरूपाने निघाले आणि लोकांनी ते विकत घेऊन वाचले. त्यातल्या एका पुस्तकाचे नाव या पानावर छापण्याजोगे नाही, म्हणून छापत नाही. ध्यानात घेण्याची गोष्ट ही की घरांच्या जाहिरातीत खोटे लिहिणे गुन्हा ठरवणारा खास कायदा ब्रिटनमध्ये १९९१ साली आला. ब्रूक्सना जाऊन तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्यांनी खरे लिहिले ते त्या कायद्याच्या धाकाने नव्हे. खरे लिहिण्यातच त्यांचा धंदा होता.

ही युक्ती चालते कशी, ते व्यापाऱ्याच्या डोक्याने समजून घेऊ. एक तर, जो स्वतःच्या मालाचा दोष सांगतो त्याच्या स्तुतीला किंमत येते. ‘स्वयंपाकघर अंधारे आहे, पण गॅलरीतून सकाळचे ऊन छान येते’ असे वाचले की उन्हावर विश्वास बसतो, कारण अंधार त्यानेच आधी कबूल केला. दुसरे, दोष वाचूनही जो घर पाहायला येतो तो खरा गिऱ्हाईक असतो. शंभर माणसांना जिने चढवून नव्व्याण्णवांचा शाप घेण्यापेक्षा दहाच आले तर पेट्रोलही वाचते आणि तोंडही. तिसरे, विनोद लक्षात राहतो. आलिशान, प्राइम लोकेशन, स्वप्नातले घर हे शब्द सगळेच वापरतात, म्हणून ते कोणाचेच नाहीत. १९६० मध्ये फोक्सवॅगन मोटारीची एक जाहिरात अमेरिकेत गाजली. मोटारीच्या चित्राखाली एकच शब्द होता, ‘लेमन’, म्हणजे तिकडच्या बोलीत खराब निघालेला माल. पुढे खुलासा होता की आतल्या एका कप्प्यावरच्या चकाकत्या पट्टीला डाग होता, म्हणून ही मोटार कारखान्यातच अडवली. आपण कापडावर ‘सेकंड’ चा शिक्का मारतो त्यातलाच हा प्रकार. शिक्का दिसला की गिऱ्हाईकाला कळते, फ्रेश म्हणून दिलेला माल खरोखर फ्रेश असणार.

आमच्या पुतण्याने चार वर्षांपूर्वी दलालीचे ऑफिस उघडले. मोबाइलवर घरांचे व्हिडिओ काढून टाकतो. सुरुवातीला त्याच्याही तोंडी तेच आलिशान आणि तेच स्वप्न. आम्ही त्याला ब्रूक्सची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, “चाचा, असं बोललो तर मालक माझ्या हातात किल्लीसुद्धा देणार नाही.” तरी त्याने करून पाहिले. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, लिफ्ट नाही, नळाला पाणी संध्याकाळी चाळीस मिनिटे. त्याने व्हिडिओत सांगितले की गुडघे मजबूत असतील त्यांनीच यावे, बादल्या मात्र सोबत आणाव्यात. पण भिंती कोरड्या आहेत आणि शेजारी भांडत नाहीत. मोहल्ल्यात दोन दिवस तेच बोलणे चालले.

इथे गोष्ट गोड करून सांगणे सोपे होते, पण तसे झाले नाही. मालक चिडला, किल्ली काढून घेतली आणि दुसऱ्या दलालाला दिली. त्याने ‘ऐसपैस, चोवीस तास पाणी’ म्हणून तो फ्लॅट विकला. पुतण्याची दलाली गेली. घेणाऱ्याचे आणि त्या दलालाचे भांडण आजही चालू आहे. पुतण्याचे पहिले वर्ष कोरडे गेले आणि घरात आम्हालाच बोल लागले की मुलाला चाचाने बिघडवले.

आम्ही तेव्हाही म्हटले आणि आज पानावर लिहितो, की प्रामाणिकपणालाही भांडवल लागते. नवे दुकान काढताना पहिल्या वर्षाचे भाडे आपण बाजूला ठेवतो, तसेच खरे बोलणाऱ्या मुलाच्या पहिल्या वर्षाचा तोटा घरच्यांनी धरून चालावे. मुलाला सांगायचे इमानदारी ठेव, आणि महिनाअखेर विचारायचे किती कमावलेस, हे दोन्ही एका तोंडाने शोभत नाही. पुतण्याच्या ऑफिसात आता माणसे येतात ती मोठ्या संख्येने नव्हे. पण दुसऱ्या दलालाने दाखवलेल्या घराची कागदपत्रे घेऊनही येतात आणि विचारतात, तू सांग, यात खरे किती? ज्याच्याकडे माणसे दुसऱ्याच्या मालाचे खरेपण तपासायला येतात, त्याला नाव मिळाले असे आम्ही समजतो. लाखाचे होर्डिंग लावून हे मिळत नाही.

काहीजण म्हणतील, हसवणाऱ्यावर एवढा भरवसा कशाला? शंका रास्त आहे. विनोद हादेखील घडीचा पदर होऊ शकतो. नळाच्या पाण्यावर माणसाला हसवायचे आणि हसता हसता जमिनीचा कज्जा झाकून टाकायचा, असा लबाडही निघेल. म्हणून या धंद्यातल्या आपल्या मुलांना आमचे चार शब्द.

थट्टा मालाची करावी, माणसाची नाही. गळक्या छपरावर हसावे. गरीब शेजारावर, कोणाच्या जातीधर्मावर, घर विकण्याची पाळी आलेल्या मालकावर हसू नये.

कागदांची थट्टा करू नये. सातबारा कोणाच्या नावे, फेरफार झाला की नाही, बोजा आहे का, कोर्टात दावा आहे का, क्षेत्रफळ किती, हे कोरड्या सरळ भाषेत सांगावे.

दोष छापण्याआधी मालकाची लेखी संमती घ्यावी. माल त्याचा आहे. तो नाही म्हणाला तर काम सोडावे, पण खोटे छापू नये. पुतण्याची चूक इथेच झाली होती, आणि आता तो पहिल्या भेटीतच हे बोलून घेतो.

आणि जे छापले तेच तोंडी सांगावे. जाहिरातीत खरा आणि जिन्यात खोटा असा माणूस दुप्पट खोटा.

कायदाही आता याच बाजूला आहे. रेरा कायदा २०१६ चा, आणि महाराष्ट्रात महारेरा १ मे २०१७ पासून काम करू लागले. नोंदणी लागणाऱ्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोडही लागतो. मोबाइल धरला की प्रकल्पाची माहिती समोर. भाव कार्पेट एरियावर बोलायचा, सुपर बिल्टअपच्या फुग्यावर नाही. जाहिरातीतल्या खोट्या मजकुरावर विसंबून पैसे भरणाऱ्याला भरपाई मागता येते, आणि व्यवहार सोडायचा असेल तर पैसे व्याजासह परत मागता येतात. अशा प्रकल्पात दलालालाही नोंदणी लागते आणि खोटी माहिती दिल्यास रोज दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. पण गावोगावच्या जुन्या घरांच्या आणि सुट्या जागांच्या व्यवहारात रेराचा हात पोचत नाही. तिथे दलालाची जबान हाच गिऱ्हाईकाचा मोठा आधार.

शेवटी घडीच्या पदराकडे येतो. आमच्या दुकानाच्या पहिल्या वर्षांत एका खेड्यातला किरकोळ दुकानदार नेमाने माल नेत असे. एकदा आम्ही त्याला आत डाग असलेले सहा तागे वर चांगली घडी घालून दिले. ओले धान्य खाली आणि कोरडे वर, ही बाजारातली हकीकत आपण सर्वांनी लहानपणापासून बयानात ऐकली आहे. ऐकून आम्ही काय शिकलो होतो, ते त्या दिवशी दिसले. आम्हाला वाटले तो वांधा काढील, भांडेल, थोडे कमी करून मिटवू. त्याने वांधा काढला नाही. पुढच्या बाजारी आला, शेवटच्या पैशापर्यंत उधारी चुकती केली, “शेठ, हिशेब बघून घ्या,” म्हणाला आणि पुन्हा कधी आमच्या दुकानाची पायरी चढला नाही. तो भांडला असता तर बरे झाले असते.

त्या सहा ताग्यांवर डागाची चिठ्ठी लावून दोन रुपये कमी घेतले असते आणि वर एखादा विनोद केला असता, तर तो माणूस हसला असता आणि माल घेऊन गेला असता. घर विकणाऱ्या आपल्या मुलांनी एवढे लक्षात ठेवावे. कापडाचा डाग एका सणापुरता असतो, घराचा डाग माणसाला जन्मभर पाहावा लागतो. आणि तो पाहताना त्याला रोज आठवण होते ती घर दाखवणाऱ्याची.