झटका मशीन बेकार नाही, उपाशी बॅटरी बेकार आहे

सोयाबीन शेंगेवर आली की आपल्या भागात एकच बोलणं सुरू होते, "झटका मशीन काही कामाचं नाही, डुकरं तसेच घुसतात." अन् त्याच्याच मागून कोणी हळूच सांगते, "सरळ लाइनचा करंट सोडा ताराले." या दोन्ही गोष्टींले माझा ठाम विरोध आहे. म्हणून आज हे लिहितो.

पहिले करंटचं. मशीनचा झटका साधारण सेकंदाले एकदा, डोळ्याची पापणी लवायच्या आत येते अन् जाते. जनावर भेते, मरत नाही. लाइनचा करंट मात्र सुटतच नाही. त्याले डुक्कर, वाघ अन् रात्री पाणी द्यायले निघालेला शेजारी यातला फरक कळत नाही. आपण सेमाडोहवाले मेळघाटात राहतो. १९७३-७४ साली देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला हा एक. इथं ताराले वाघ चिकटला तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, अन् माणूस चिकटला तर जेल. पण जेल सोडा, त्या घरचा माणूस परत येत नाही.

आता मशीनचं. मशीन बॅटरीवर चालते. कोकणातल्या होडीवाल्यानं इंजिन सुरू केलं की त्याची बॅटरी भरत जाते. आपल्या धुऱ्यावर इंजिन नाही, फक्त ऊन आहे. अन् ज्या महिन्यात पिकाले राखण लागते, त्याच महिन्यात ऊन नसते. सारी गोम इथं आहे.

हिशेब करून पाहा. समजा मशीन अर्धा अँपिअर खाते. रात्रीचे १२ तास म्हणजे ६ अँपिअर-तास झाले. ४० वॅटची प्लेट चांगल्या उन्हात पाच तासांत ११ अँपिअर-तास देते. उन्हाळ्यात फिटूनफाट उरते. पण झडीत पाचवा हिस्सा धरला तर हाती येतात दोन. रोज चारचा तोटा. २६ एएचच्या बॅटरीतून अर्धंच काढावं, म्हणजे १३. तीन दिवसांची झड लागली की चौथ्या रात्री तार नुसती शोभेची, अन् डुकराले ते पहिले कळते. हीच प्लेट १०० वॅटची असली तर झडीतही पाच-साडेपाच मिळतात, तोटा अर्ध्या अँपिअर-तासावर येते. मग मशीन बेकार की प्लेट तोकडी?

म्हणून माझा राग विकणाऱ्यावर अन् वाटणाऱ्यावर आहे. डब्यावर "इतक्या एकराले चालते" असं मोठ्या अक्षरात असते, पण मशीन किती करंट खाते अन् ऊन नसताना किती रात्री चालते, ते लिहिलेलं नसते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाले अनुदान आहे, चांगली गोष्ट आहे. पण अनुदान किती संच वाटले यावर मोजू नका. झडीत किती रात्री तार जिवंत राहिली, यावर मोजा. कृषी सहायक अन् वनरक्षक साहेबांनी पावसाळ्यात एक चक्कर मारून मल्टीमीटर लावून पाहावं, एवढंच मागणं आहे.

आपल्या हातातलं आपण करू:

१. सकाळी ऊन लागायच्या आधी मशीन बंद करा, अर्धा तास थांबा अन् बॅटरी मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, ११.९ म्हणजे रिकामी. मी वहीत रोज लिहितो, एक मिनिट लागते.
२. रिकामी बॅटरी तशीच ठेवू नका. प्लेटांवर सल्फेटचा थर कडक बसते, मग ती पूर्ण भरतच नाही. सोंगणी झाल्यावर कोपऱ्यात टाकलेली बॅटरी अशीच मरते. प्लेट जोडूनच ठेवा.
३. गाडीची बॅटरी एका दमात इंजिन फिरवायले बनली आहे. रात्रभर हळूहळू द्यायले ट्यूब्युलर घ्या.
४. साध्या बॅटरीत बॅटरीचंच पाणी टाका, नदीचं नाही.
५. सोलर प्लेटच्या एका कोपऱ्यावर सागाच्या पानाची सावली पडली तरी करंट खूप घटते. प्लेट पुसा, फांदी छाटा.
६. ताराखालचं गवत काढा. ओलं गवत ताराले लागलं की झटका जमिनीत जाते, डुकराले काही लागत नाही.

जागलीवर रात्र काढून सकाळी वखर धरणाऱ्याचं दुखणं मले माहीत आहे. पण त्यावर मरणाचा करंट हा उपाय नाही. भरलेली बॅटरी हा उपाय आहे. उद्या सकाळी मोजा अन् आकडा खाली लिहा. १२.२ च्या खाली असेल तर मशीनले शिव्या देऊ नका, प्लेटचा हिशेब करा.