म्यानांतली तरवार

मैदानावर कवायतीचा बिगूल वाजला कीं विद्यार्थ्यांचीं मनें कशीं फुलून येतात, हें आम्ही नेहमीं पाहतों. गणवेशाची आवड वाईट नव्हे. परंतु सैनिकाचा खरा कस कोठें लागतो, याविषयीं आपणां सर्वांचीच समजूत पुष्कळदां अपुरी असते. म्हणून अमेरिकेंतील मेन राज्याच्या एका सेनानीचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

जोशुआ चेंबरलेन हे मूळचे शिक्षक. बोडिन कॉलेजांत ते वक्तृत्व व भाषा शिकवीत. यादवी युद्ध चालू असतां, १८६२ सालीं, कॉलेजानें त्यांस अभ्यासासाठीं युरोपास जाण्याची रजा दिली. ते गेले मात्र रणांगणावर. २ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें पलटणीचा दारूगोळा संपत आला, तेव्हां त्यांनीं संगिनी रोखून चाल करविली आणि टेकडी राखली. पुढील वर्षीं पीटर्सबर्गपुढें त्यांच्या कमरेंत गोळी शिरली. ती जखम त्यांस जन्मभर छळीत राहिली. युद्धानंतर मेनच्या लोकांनीं त्यांस चार वेळां गव्हर्नर निवडलें, आणि पुढें ते आपल्याच कॉलेजाचे अध्यक्ष झाले.

त्यांची कथा एवढीच असती, तर आम्ही लेखणी उचलली नसती. त्यांची मोठी कसोटी लागली ती शांततेच्या काळांत. १८७९ च्या निवडणुकींत गव्हर्नरपदासाठीं कोणासहि निर्भेळ बहुमत मिळालें नाहीं. निवड कायदेमंडळानें करावयाची. परंतु त्या मंडळांत कोण निवडून आलें, यावरच तंटा माजला. ऑगस्टा या राजधानींत हत्यारबंद माणसें जमूं लागलीं. ५ जानेवारी १८८० रोजीं मावळत्या गव्हर्नरांनीं चेंबरलेन यांस, राज्याच्या मिलिशियाचे म्हणजे नागरिक-रक्षकदलाचे मेजर जनरल या नात्यानें, नवा गव्हर्नर ठरेपर्यंत राज्याच्या मालमत्तेचें रक्षण करण्याचा हुकूम दिला.

त्यांनीं काय केलें? राजभवनांत जमविलेले हत्यारबंद लोक बाहेर काढले व नगराच्या पोलिसांचा पहारा बसविला. फौज बोलवा, असा आग्रह झाला. त्यांनीं ती नगरांत आणिली नाहीं. सेनेटच्या जागेचें आमिष आलें, तें नाकारलें. ठार मारूं म्हणून आलेल्या जमावापुढें कोट उघडून त्यांनीं छाती पुढें केली, असें चरित्रकार लिहितात. खरें कायदेमंडळ कोणतें, हें सेनापतीनें नव्हे तर सर्वोच्च न्यायालयानें ठरवावें, हा त्यांचा एकच निश्चय. बारा दिवसांत न्यायालयाचा निर्णय झाला, नवे गव्हर्नर निवडले गेले, आणि चेंबरलेन अधिकार सोडून कॉलेजांत परतले.

यांत पराक्रम तो कोणता, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या हातीं शस्त्र नाहीं त्याचा संयम पुष्कळदां नाइलाज असतो; राज्याची सेना हातीं असतां जो हात आवरतो, त्याचा संयम हेंच शौर्य. याची किंमतहि त्यांनीं मोजली. स्वपक्षीयांनींहि त्यांस दूषण दिलें, आणि लोकनियुक्त पद त्यांस पुन्हां लाभलें नाहीं.

मुलानें गणवेश चढविला म्हणजे पालकांनीं आनंद अवश्य मानावा. परंतु अधिकार ही आपली मालकी नसून ठेव आहे, हेंहि त्यास घरीं शिकवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, उद्यां वर्गनायकाची शिट्टी जरी तुमच्या हातीं आली, तरी ती मित्रासाठीं मुकी व शत्रूसाठीं कर्कश होऊं देऊं नका. मुदत संपतांच ती निष्कलंक परत करा.