शिफारस आणि हरकत

लिंक्डइन हे व्यावसायिक ओळखीचे संकेतस्थळ २००३ साली सुरू झाले. परिचिताच्या कौशल्यास एका टिचकीत दुजोरा देण्याची सोय तेथे २०१२ साली आली. साहित्याचे विद्यार्थीही आता ‘अनुवाद’, ‘संपादन’, ‘सर्जनशील लेखन’ अशी कौशल्ये तेथे नोंदवतात आणि मित्रमंडळी त्यांना उदारपणे दुजोरा देतात. परस्परप्रशंसेचा हा व्यवहार आपल्या वाङ्मयीन जगाला नवा नाही.

लेखी शिफारशीची गत याहून फारशी वेगळी नाही. ती दाखवायची की झाकायची, हे ज्याची शिफारस त्याच्याच हाती असते. तिच्यात फेरफारही त्याला मागता येतो. साहजिकच प्रतिकूल शब्द तेथे टिकत नाही. शिफारस म्हणजे समीक्षा नव्हे, हे साहित्याच्या अभ्यासकाला तरी सांगावे लागू नये.

म्हणून सहाध्यायांचे मत घ्यायचे ते परिचय प्रसिद्ध करण्यापूर्वी, आणि त्यांच्याकडे मागायच्या त्या हरकती. ‘अनुवादात निपुण’ हे शब्द वाचून चोखंदळ मित्र विचारील : कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत? छापून काय आले? त्यात तुझे काम कोणते? उत्तरे देता देता ‘निपुण’ गळून पडते आणि ‘हिंदीतून मराठीत तीन कथांचे अनुवाद, एका वार्षिकांकाचे मुद्रितशोधन’ एवढेच उरते. हे दिसायला तोकडे खरे. पण ते पडताळता येते, आणि काम देणाऱ्या संपादकाला त्याचाच उपयोग असतो.

आपल्या लेखनावर हरकत मागण्याची ही सवय शिक्षकांनी वर्गातच लावली पाहिजे. निबंधाच्या कच्च्या खर्ड्यापासून तिचा आरंभ करता येईल.